उजवा हात झाकू नये

मी, ॲम्ब्रोस सॅम, वय पंचवीस, राहणार बर्च लँडिंग, युकॉन नदीकाठ, अलास्का, सेंट बार्नबस चर्चचा बाप्तिस्मा घेतलेला, मधे पळून गेलेला आणि परत आलेला सभासद, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही धाकाशिवाय आणि पोट भरलेलं असताना हे लिहून ठेवतो. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. शाळेच्या पेट्राबाईंनी एका पुस्तकातला नमुना वाचून दाखवला. पण त्यातला माणूस म्हातारा होता आणि त्याच्याकडे तीन घरं होती. मी नववीत शाळा सोडली. जमेल तसं लिहितो.

लिहिण्याचं कारण असं. उद्या शनिवारी, संत अँड्र्यूच्या सणाला, उजाडलं की मी नदीवर जाणार आहे. इथून वरच्या ओल्ड पोर्टेज गावापर्यंत चौदा मैल बर्फ पहारीनं ठोकून बघायचा, आणि तो गाडीचं वजन पेलेल तिथं वाळुंजाच्या काठ्या रोवत वाट आखायची. चार वर्षं ही वाट कुणी आखलेली नाही. ओल्ड पोर्टेजला चर्च नाही. तिकडची माणसं नाताळला स्नोमशीनवरून, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवरून, आपल्याकडे यायची, ती आता येत नाहीत. तिकडची तीन मुलं बाप्तिस्म्यावाचून चालायला लागली.

चर्चच्या बैठकीत विचारलं, कोण जाणार, तर सगळे चुलीकडे बघायला लागले. मी हात वर केला. डोर्कस मामी, म्हणजे इनॉक मामाची बायको, दोघांनी मिळून मला वाढवलं, ती म्हणाली, "ह्याला पाठवायचं तर आधी कागद करून घ्या. इनॉक कागद न करता गेला, त्याच्या बोटीवरून लोक अजून माझ्या दारात भांडतात." एवढंच बोलली आणि विणकाम उचललं.

कलम १. पहार. ही माझी नाही, मामाची आहे. साडेपाच फूट, टोकाला पोलाद, मुठीला मूस हरणाच्या कातड्याची वादी. मामा चर्चमध्ये वाचक होता. फादर विमानानं वर्षातून तीनदा येणार, बाकीचे सगळे रविवार मामाचे. आणि दर नोव्हेंबरात नदीची वाटही मामाच आखायचा. तो म्हणायचा, "घट्ट बर्फ ठक्क करतो. पातळ बर्फ ओल्या लाकडासारखा बोलतो. त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं नाही." चार वर्षांपूर्वी त्याचा गुडघा गेला तेव्हा त्यानं ही पहार सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. मी तीन दिवसांत चौदा मैल आखले. एवढं सरळ काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. मग डिसेंबरात चार-पाच दिवस ऊब आली, बर्फावर पाणी चढलं, पुन्हा गोठलं. मामा म्हणाला, "पुन्हा एकदा जा. बीव्हर ओढ्याच्या तोंडाशी प्रवाह खालून बर्फ खातो. काठ्या हलवाव्या लागतील." मी म्हटलं, जातो.

पहार यापुढे जो वाट आखेल त्याला द्यावी. वाटेत थांबणाऱ्याला देऊ नये.

कलम २. कादंबऱ्यांची पेटी. सातव्या मैलावर मासेमारीची झोपडी आहे, तिथल्या बाकड्याखाली ही पेटी आहे. आत घोडेस्वार, दरोडेखोर, शेरीफ असल्या जुन्या गोष्टी. उंदरांनी कडा खाल्ल्यात. एकवीस डिसेंबरला मी तिथं चहा करायला थांबलो. लाकूड शोधताना पेटी सापडली. एक पुस्तक उघडलं, शेरीफला कुणी मारलं हे कळेपर्यंत वाचावं म्हटलं. शेवटचं पान नव्हतं. म्हणून दुसरं उघडलं. आमच्याकडे त्या दिवसांत उजेड चार तास. बाहेर आलो तेव्हा तो संपत आला होता. बीव्हर ओढा तिथून दोन मैल पुढे. मी घरी आलो.

मामा बूट सुकवत बसला होता. "बघितलंस?"

"बघितलं. ठीक आहे."

"काठ्या?"

"आहेत तिथं बरोबर आहेत."

तेवीस तारखेला मामा ओल्ड पोर्टेजच्या एका म्हातारीला नाताळसाठी आणायला निघाला. माझ्या काठ्यांच्या रांगेतून गेला. ती रांग बीव्हर ओढ्याच्या तोंडावरून सरळ जात होती, आणि तिथं बर्फाच्या नावाखाली नुसती साय होती. त्याची टोपी काठावर मिळाली. स्लेज मेमध्ये मिळाली. मामा मिळाला नाही. कबरस्तानात त्याच्या क्रुसाखाली त्याचे मण्यांचे हातमोजे आणि प्रार्थनापुस्तक पुरलेलं आहे.

पेटी जाळावी. वाचत बसू नये.

कलम ३. (हे कलम खोडलं आहे. कारण शेवटी दिलं आहे.)

कलम ४. माझं मनगटी घड्याळ फादर वेंडेल यांना द्यावं. फादर त्या सत्तावीस तारखेला विमानानं आले. मी सगळ्यांसमोर उभा राहून पेटीचं, चहाचं, खोट्याचं, सगळं सांगितलं. फादरनी माझ्या डोक्यावर हात ठेवून पापक्षमा उच्चारली. सांगायला सुरुवात केल्यापासून क्षमा होईपर्यंत चार मिनिटं लागली. मी मुद्दाम मोजली नाहीत, भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. मग सगळे येऊन मला मिठ्या मारायला लागले. फिडल वाजवणारा जोनस म्हणाला, "सोड रे, बर्फ तो बर्फ." कुणी म्हणालं, देवानं बोलावलं. अहो, देवानं नाही बोलावलं, मी पाठवलं! पण ऐकायला कुणाला वेळ नव्हता, कारण विमान अंधाराच्या आत उडायचं होतं. फादरवर माझा राग नाही, असं लिहायचं होतं. पण आहे. पुढच्या माणसाला क्षमा करताना त्यांनी माझं घड्याळ हातात बांधावं.

आमच्या चर्चमध्ये प्रार्थना मध्यावर आली की सगळे उठतात, एकमेकांचा हात हातात घेतात आणि "प्रभूची शांती" म्हणतात. आम्ही बारा-तेरा माणसं, त्यामुळे प्रत्येक जण प्रत्येकाकडे जातो. कुणी सुटत नाही. त्या दिवशी डोर्कस मामी सगळ्यांकडे गेली. माझ्यासमोर आली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि पुढच्याचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी मी गाव सोडलं.

कलम ५. फिडल जोनस अलेक्झांडरला द्यावी, कारण ती त्याचीच आहे. मी ती न विचारता घेऊन गेलो होतो. फेअरबँक्सला भांडी घासली, कोडियाकला माशांच्या कारखान्यात डोकी उडवली, एका होडीला रंग दिला, मग सिअ‍ॅटल. फिडलनं सगळीकडे जेवायला घातलं. तिची एक खुंटी मी बदलली आहे, ती चमच्याच्या दांड्याची आहे, जोनसनं शिव्या देऊ नयेत.

सिअ‍ॅटलला एक मोठं दगडी चर्च आहे, आपल्याच एपिस्कोपल पंथाचं. थंडी वाजत होती म्हणून आत गेलो. शांतीची वेळ आली आणि निदान चाळीस माणसांनी माझा हात धरला. मऊ, साबणाचा वास येणारे हात. एक बाई म्हणाल्या, "किती छान वाटलं तुम्हाला भेटून." त्यांना माझं नावही माहीत नव्हतं. मी प्रार्थना अर्धी सोडून बाहेर पायरीवर येऊन बसलो. तेव्हा कळलं की जिथं एक माणूस माझा हात धरत नाही तिथंच मला जायचं आहे. तिथं निदान मामा गेला हे कुणाच्या तरी लक्षात आहे.

या ऑगस्टात परत आलो. मामीनं दार उघडलं. म्हणाली, "जेवलास का?" जाळी ठेवायच्या खोलीत बिछाना दिला. माझे फाटलेले हातमोजे शिवले. रोज वाढते. आणि दर रविवारी शांतीच्या वेळी माझ्यासमोर येते, बघते, पुढे जाते. असे पंधरा रविवार झाले. मी तिला दोष देत नाही. तिनं तसं केलं नसतं तर मामाचं मरण असंच चहाबरोबर गिळून टाकलं असतं आम्ही सगळ्यांनी.

कलम ६. काठ्यांबद्दल. हे कलम मी मेलो किंवा नाही, तरी पाळावं. नदीवर जुनी एकही काठी दिसली तर मी ती उपटणार आहे. माझ्या प्रत्येक काठीला लाल चिंधी असेल. लाल चिंधी म्हणजे तिथं मी स्वतः उभा राहून पहार मारली. शेवटच्या लाल चिंधीच्या पुढे कुणीही जाऊ नये, मला शोधायलासुद्धा नाही. जोनस, हे तुला आहे.

कमरेला दोर बांधून जाणार आहे. दुसरं टोक मागे जाड बर्फावर स्लेजला. मी एकटा आहे, ओढायला कुणी नाही, त्यामुळे दोर वाचण्यासाठी नाही. काहीतरी हाती लागावं यासाठी आहे.

कलम ७. माझं शरीर मिळालं तर. जमीन गोठलेली आहे, खड्ड्यासाठी दोन दिवस जाळ करावा लागेल, मला माहीत आहे. उथळ चालेल. शवपेटी साध्या फळ्यांची करावी. बायका आत ब्लँकेट लावतात ते लावावं, पण माझा उजवा हात झाकू नये. तो ब्लँकेटच्या बाहेर, छातीवर ठेवावा. पेटी चर्चमध्ये उघडी असते आणि सगळे एकेक करून निरोप घ्यायला येतात, तेव्हा डोर्कस मामी माझ्यासमोर आली तर हात तिथं असावा. तिनं धरला तर धरला. ती बघून पुढे गेली तर कुणी तिला कोपरानं ढकलू नये, "आता तरी" म्हणू नये, आणि फादरनी त्यावर प्रवचन देऊ नये. ती गेल्यावर झाकण लावावं.

मला याशिवाय काही नको आहे. बाकीची कलमं नियमासाठी आहेत.

कलम ८. मी परत आलो तर हा कागद चर्चच्या चुलीत टाकावा आणि सगळं पहिल्यासारखं चालू द्यावं. त्यानंतरच्या रविवारी मी माझ्या जागेवर, डावीकडे तिसऱ्या बाकावर असेन.

सहीपूर्वी केलेली दुरुस्ती. कलम ३ मध्ये मी बोट, बंदूक, सुकवलेले सामन मासे, करवत आणि बँकेत असेल ते, सगळं डोर्कस मामीला दिलं होतं. आज संध्याकाळी साक्षीदार म्हणून पेट्राबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "दोन साक्षीदार लागतील. आणि ज्याला काही देतोस त्याला साक्षीदार करता येणार नाही."

"मग गावात उरलं कोण, बाई?"

"थोडं कमी दे."

मामी चुलीत लाकडं सारत होती. हात पुसून आली, चष्मा लावला आणि उभ्यानंच सगळा कागद वाचला. कुठल्या ओळीवर किती वेळ थांबली ते मी बघितलं नाही. मी चिंध्या फाडत होतो.

"कलम तीन काय आहे हे?"

"माझ्या वस्तू. तुला."

"मला कशाला?"

"दुसरं कोण आहे मला?"

"ते तुझं तू बघ. तुझ्या मरणातून मला करवत नको. माझं नाव खोड."

"मामी..."

"खोड म्हणते ना. मग मी सही करू शकते, नाही का हो बाई?"

पेट्राबाई म्हणाल्या, करू शकता.

म्हणून खोडलं. त्या वस्तू आता चर्चकडे जाव्यात, विकून चर्चच्या चुलीसाठी लाकूड घ्यावं. खोडलेल्या जागी मी आद्याक्षरं केली आहेत. पेन मी मामीपुढे धरलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं नाही. मी टेबलावर ठेवलं, मग तिनं उचललं.

वर लिहिलेलं सगळं माझ्याच मनातलं आणि माझ्याच अक्षरातलं आहे. खाडाखोड माझी आहे, चुका माझ्या आहेत.

बर्च लँडिंग. शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०१९.

सही: ॲम्ब्रोस सॅम

आमच्या डोळ्यांदेखत वरील इसमानं सही केली, तो शुद्धीवर होता, म्हणून साक्ष:

१. पेट्रा लुंडक्विस्ट, शिक्षिका.

२. डोर्कस एरिक, इनॉक एरिकची बायको. सगळं वाचलं. कलम सात मला मान्य नाही. इनॉकचा मेलेला हातसुद्धा मला मिळाला नाही, तुझा मी धरणार नाही. ओढ्याच्या तोंडाशी दोनदा ठोकून बघ. रविवारची प्रार्थना साडेदहाला आहे.