आधी सांगाडा की आधी अंग

देरा, दुबई
बुधवार, सन १९६७

इस्माईलला लाज कशी वाटत नाही? माझा धाकटा भाऊ, आणि जेवताना अब्बांच्या तोंडावर हसला. विलायतेहून सुट्या भागांची मोटार मागवायची आणि अंगणात मी नि अब्बांनी जोडायची, एवढंच तर ठरवलंय. म्हणे, "आपा, तू दुसरी पास, अब्बा अंगठाबहाद्दर. इंग्रजी कागद कोण वाचणार?"

कागद! अब्बांनी रत्नागिरीत जन्मभर गलबतं बांधली, ती कुठला कागद बघून? आधी नजरेनं बाहेरच्या फळ्या उभ्या करायच्या, फासळ्या मागाहून आत बसवायच्या. मोटारीचंही ते तसंच म्हणतात, आधी अंग, मग आतलं सगळं. ते चुकतात. मोटारीच्या जाहिरातीतल्या चित्रात साफ दिसतंय, आधी लोखंडी सांगाडा. मग काय झालं? मी सांगेन त्यांना. ऐकतील का? भांडतील, मग ऐकतील.

इथं आल्यापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. ते चित्र बघून पहिल्यांदा बोलला, "जैनब, माझी रंधा-पटाशी काढ." आणि इस्माईल म्हणतो पुढच्या बोटीनं त्यांना गावी धाडतो. कागद वाचता येत नाही म्हणून!

मोटारीच्या मागणीच्या फॉर्मवर सही त्याचीच लागते, घरात कमावता तोच. मी तोंडावर सांगितलं, "अब्बा गेले तर त्याच बोटीत मीही चढणार, मग तुझ्या भाकऱ्या तूच थाप. सही करतोस की नाही, शुक्रवारी नमाजाहून आलास की सांग. शनिवार मी बघणार नाही."