बलूनची घडी

आप्पा,

दोन दिवस झाले, स्वतःच्या हातांची शिसारी येतेय, म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. वर्कशॉप तिथंच आहे, अक्कलकोट रोडला, फक्त तुमच्या पत्र्याच्या शेडपुढं काचेची केबिन आलीय आणि तीत मी बसतो. तुमच्याकडं एसी बसा यायच्या, माझ्याकडं मोटारहोम येतात. म्हणजे बसच्या सांगाड्यावर बांधलेलं घर, पलंग, शेगडी, फ्रिज, संडाससुद्धा. खाली मात्र तेच तुमचे रबरी बलून, हवेवर सगळा संसार तोलून धरणारे. मालक लोक असे की विचारू नका. मुक्कामाला गाडी सपाट दिसावी म्हणून एकीकडं हवा भरतात, फोटोत उंच दिसावी म्हणून आणखी भरतात, हवेच्या टाकीत साचलेलं पाणी महिनोन्महिने सोडत नाहीत आणि मग "गाडी कलती हो" म्हणत दारात येतात. पलंगाच्या गादीचा रंग तोंडपाठ, खाली वाकून एकदाही बघितलेलं नसतं. या लोकांचा मला वीट आलाय, पण स्वतःचा आलाय तितका नाही.

तुमची पद्धत मला झोपेतसुद्धा पाठ आहे. संध्याकाळी चाकावर वीत लावून मडगार्डपर्यंतची उंची बघायची, खडूनं रेघ मारायची आणि गाडी तशीच सोडून घरी जायचं. सकाळी रेघ खाली उतरलेली दिसली की हवा गळतेय. गिऱ्हाईक कुरकुरलं तर तुम्ही म्हणायचा, "गाडी एक रात उबी ऱ्हायल्याबिगर खरं बोलत न्हाय. ऱ्हाऊ दे की." मग गाडी पूर्ण उचलायची, सांगाड्याखाली लाकडी ठोकळे द्यायचे, आणि बलूनची खालची दुमडलेली घडी उघडली की दाढीच्या ब्रशनं साबणाचा फेस लावायचा. चीर वरनं दिसत नाही, घडीत असते. एकदा ठोकळे न देताच मी हात आत घातला. तुम्ही चिडलात की कानडीत जायचा. "कै तगी!" हात काढ, म्हणून ओरडलात, आणि हात काढेपर्यंत तोच ब्रश माझ्या मनगटावर बसला. दुपारी जेवताना मात्र तोच ब्रश माझ्या ताटाशेजारी ठेवलात आणि म्हणालात, "घे, आता तुजा." मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

शुक्रवारी जुळे सोलापूरचे एक रिटायर्ड साहेब आले. बायको आणि म्हातारी आई बरोबर. आईला कोकणात न्यायचं होतं, समुद्र बघायची तिची इच्छा. मागचा डावा बलून बसत होता. मी गेज लावला, हवा भरली, गेजचा आकडा चोख आला. साहेब मोबाईलवर व्हिडिओ काढत होते, "सोलापुरात असा कारागीर हाय बघा." मी कॅमेऱ्याकडं बघून हसलो. रात्रभर गाडी ठेवा म्हणालो नाही, घडी उघडून बघितली नाही. जावा बिनघोर, म्हणालो.

घाटात बलून फुटला. गाडी डावीकडं बसली, म्हातारी पलंगावरनं खाली आली, खांदा निखळला. समुद्र राहिला. गाडी टोचन करून परवा परत आणली. मी मान खाली घालून उभा होतो, तर साहेबच म्हणाले, "रस्ताच लई वंगाळ, तुमी काय करणार? तुमी नीट बघितलं म्हणून तितवर तरी गेलो की." त्यांच्या बायकोनं पिशवीतनं शेंगाचटणीचा डबा काढून माझ्या हातात दिला. म्हातारी खिडकीशी बसून होती, हात गळ्यात बांधलेला. मला म्हणाली, "व्हय रं बाळा, नीट झाली की परत निगू ना आमी?" मी व्हय म्हणालो. आप्पा, तुम्ही असता तर त्या डब्यासकट मला रस्त्यावर काढलं असतं.

नवा बलून आज आला. साहेबांना सांगितलंय, गाडी आज राहील, उद्या रेघ बघून देईन. हे पत्र तुमच्या ब्रशच्या खोक्यात ठेवणार आहे, आणखी कुठं पाठवायचं?

ठेवण्याआधी एक. वर खोटं लिहिलंय. शुक्रवारी व्हिडिओ सुरू होण्याआधी मी घडी उघडली होती, फेसही लावला होता, तुमच्याच ब्रशनं. बुडबुडे आले होते. मी ते अंगठ्यानं पुसले.