आईचा अंपायर

आई, तुझा अंपायर परत आलाय. या वेळी सिनेमातच आलाय, आणि त्याच्यावरून मधे काही दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी जेवून घ्या, मग काय भांडायचं ते भांडा. तू गेलीस तेव्हा माझी लेक मांडीवर होती. आता ती माझ्याहून उंच झालीय आणि परदेशी सिनेमांचे मराठी संवाद लिहिते. म्हणजे पडद्यावर गोरी माणसं तोंड हलवतात आणि त्या तोंडात बरोबर बसतील असे मराठी शब्द हिने शोधायचे. बदलापूरच्या या घरात ती आरशासमोर बसून तासन्‌तास ओठ हलवत असते. पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, ताई, पोरीला बाहेरचं काही नाही ना? मी म्हटलं, नाही हो, नोकरी आहे तिची. त्यांना ते पटलं असं काही वाटलं नाही.

तुला तो रविवार आठवत असेल. बाबांनी भाड्याने व्हीसीआर आणला होता आणि कॅसेटवाल्याने देवाधर्माची म्हणून भलतीच कॅसेट गळ्यात मारली होती. आपली अंबरनाथची खोली बायकांनी भरलेली. उल्हासनगरच्या सिंधी भाभींकडून आलेला जीन्सचा गठ्ठा मधे सोडलेला, आणि तुम्ही सगळ्या मांडीवर एकेक पँट घेऊन धागे कापताय. हात कामात, डोळे टीव्हीवर. सिनेमा लागतो तो इंग्रजी. देव कुठेच नाही. एक पांढराफटक माणूस पेटीतून उठून बसतो आणि शेजारच्या काकूंच्या हातातली कात्री खाली पडते. बाबांचं इंग्रजी फॅक्टरीतल्या पाट्या वाचण्याइतकं होतं, पण त्या दिवशी त्यांनी समजावून सांगायचं काम अंगावर घेतलं.

"हा व्हॅम्पायर," बाबा म्हणाले.

"अंपायर?" तू मान वर न करता विचारलंस. "अंपायरचा कोट पांढरा असतो ना? याचा काळा कसा?"

बाबा क्रिकेटचे वेडे, त्यामुळे तुला अंपायर माहीत होता. तेवढाच माहीत होता. त्यांनी तुला परत परत सांगितलं की अगं व्हॅम्पायर, हा माणसांचं रक्त पितो. तू म्हणालीस, पिऊ दे ना, पण कोट काळा का ते सांगा. मग त्याला मारायला निघालेला शिकारी आला, घोड्यावरून, खांद्याला खुंट्यांची पिशवी लावून, आणि तो दर वेळी काळोख पडल्यावरच त्या वाड्याकडे निघायचा. तू पँट खाली ठेवलीस. "दिवसा हा पेटीत झोपलेला असतो म्हणता ना? मग दिवसा जायचं, छातीत खुंटी ठोकायची, घरी येऊन जेवायचं. याची काय रात्रपाळी आहे?" बायका इतक्या हसल्या की पुढचा सिनेमा कुणालाच कळला नाही. बाबा मात्र रुसले. त्यांचं म्हणणं, एवढं जीव तोडून सांगतोय तर नीट ऐका तरी.

दुसऱ्या दिवशी नळावर सिनेमाची चर्चा. शेजारच्या काकूंचं मत पडलं की शिकारी दिसायला बरा आहे, पण घोड्यावर नीट बसत नाही. खालच्या मजल्यावरची म्हणाली, लसणीला घाबरतो म्हणे, मग आपल्या इथे तो पाऊल टाकायचा नाही, आपल्या घरात भाजी कमी आणि लसूण जास्त. आणि तू हंडा भरता भरता सगळ्यांच्या विरुद्ध बोललीस. "मला तर त्या अंपायरचीच दया आली बाई. एवढं मोठं घर आणि चूल नाही. एकटा राहतो. भूक लागल्यावर करेल काय?" मी शाळेच्या गणवेशात शेजारी उभी होते, आणि मला फार लाज वाटली की आपली आई भुताची बाजू घेते. आता ते आठवलं की तुझा मुका घ्यावासा वाटतो.

शब्द मात्र घरात राहिला तो राहिलाच. डासांना आपण अंपायर म्हणायला लागलो. खिडक्या लावा, अंपायर येतील. विजेचं बिल आलं की बाबा म्हणायचे, आला अंपायर. माझं लग्न होऊन मी बदलापूरला आले तरी तो शब्द माझ्याबरोबर आला आणि लेकीला दुधाबरोबर मिळाला. पहिलीत असताना ती शाळेतून फणफणत घरी आली, कारण अंपायर काय करतो असं बाईंनी विचारल्यावर ही ऐटीत म्हणाली, चावतो. सगळा वर्ग हसला. त्या दिवशी मी तिला तुझी सगळी गोष्ट सांगितली. तुझा चेहरा तिला आठवत नाही, पण त्या गोष्टीतून ती तुला ओळखते.

आणि त्याच्याही आधीचं, ती मांडीवर असतानाचं तुझं ते आजारपण. डॉक्टर म्हणाले, यांच्या अंगात रक्तच तयार होत नाहीये. मी तेव्हा छोटीला घेऊन तुझ्याकडे येऊन राहिले होते. लॅबचा माणूस घरी यायचा, तुझ्या दंडाला रबर बांधून रक्त घेऊन जायचा. मिशीवाला, बोलायला कमी, स्कूटरवरून यायचा. पहिल्याच दिवशी तो दारात उभा राहिला आणि अंगात पांढरा कोट. तू अंथरुणावरून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "या. हा खरा अंपायर. कोट बरोबर आहे." त्या बिचाऱ्याला काय कळणार? तो म्हणाला, मावशी, मी पॅथॉलॉजीतून आलोय. तू हात पुढे केलास. "रक्त घे हवं तेवढं. बोट तेवढं वर करू नकोस."

ते ऐकून मी उठून स्वयंपाकघरात गेले. अंपायरने बोट वर केलं की आउट, एवढं मलाही कळत होतं. त्यानंतर तो येईल तेव्हा हेच चालायचं. तू बोट वर करू नकोस म्हणायचीस, तो सुई लावायचा, मी गॅसपाशी चहा ठेवायची. माझी पाठ दाराकडे. तो चहा पिऊन, चपला घालून निघायचा, आणि तो निघाला की मागून तुझं हसू ऐकू यायचं. खोकल्यासारखं, पण हसूच. मी येऊन विचारायची, एवढं काय हसतेस गं? तू म्हणायचीस, काही नाही, मॅच चालू आहे. दुसऱ्याच्या रक्ताची बाटली लावायला दवाखान्यात नेलं तेव्हाही तू म्हणालीस, "बघ, आता मीच अंपायर झाले. कुणाचं असेल गं हे? जेवलेला असेल ना तो?" मी म्हटलं, गप्प पड. तू हसणं काही सोडलं नाहीस, आणि मला शेवटपर्यंत वाटायचं की माझ्यासाठी म्हणून तू हे सगळं हसण्यावारी नेतेस.

आता इथलं ऐक. लेकीला या वर्षी पहिला पूर्ण सिनेमा मिळाला, पडद्यावर नाव येणारा. नेमका व्हॅम्पायर मारणाऱ्या शिकाऱ्याचा. डोंगरातलं गाव, बर्फ, आणि एक म्हातारी खानावळवाली. शिकारी तिच्याकडे गरम सूप प्यायला थांबतो आणि सांगतो, मी व्हॅम्पायर मारायला आलोय. म्हातारीला कमी ऐकू येतं, मूळ सिनेमात ती काहीतरी भलतंच ऐकते आणि त्यांच्या भाषेत त्याचा विनोद होतो. तो मराठीत येत नव्हता. लेकीने बरेच दिवस डोकं खाजवलं आणि मग लिहिलं. म्हातारी विचारते, "अंपायर? का रे बाबा, त्याने तुला आउट दिलं का?" तिचे सर हसले, म्हातारीचा आवाज देणाऱ्या बाई हसल्या, झालं. सिनेमा तिच्या कंपनीच्या चॅनलवर आला. फोनवर फुकट बघता येतो, आणि खाली लोक आपापली मतं लिहितात. आपल्या नळासारखंच, फक्त हंडे नाहीत.

आई, लोक काय काय लिहितात तुला काय सांगू. एकाने लिहिलं, डबिंग एक नंबर, अंगावर काटा आला. एकाने लिहिलं, भूत बघून हसू आलं, पैसे परत द्या, आणि सिनेमा तर फुकट. एका बाईंनी लिहिलं, हिरो दिवसा का जात नाही? मी ते वाचून खुर्चीतच उडाले, म्हटलं ही बाई आपल्या खोलीत होती की काय. पण सगळ्यात जास्त आरडाओरडा तुझ्या शब्दावर. व्हॅम्पायरला अंपायर लिहिणाऱ्यालाच आउट द्या. त्या काळात त्या बर्फात क्रिकेट कुठून आलं? मराठीची चेष्टा लावलीय. लिहिणाऱ्याला साधं इंग्रजी येत नाही आणि निघाले सिनेमे करायला. एकाने नुसतं वर केलेल्या बोटाचं चित्र टाकलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

तिच्या सरांचा फोन आला की मालक लोक चिडलेत, सोमवारी ती ओळ काढून दुसरी बसवायची, आणि पुढच्या सिनेमाचं आत्ता काही नक्की नाही. म्हणजे तुझा शब्दही जाणार आणि पोरीचं कामही. ती मला म्हणाली, "जाऊ दे ना आई, एक वर्ड तर आहे." आणि ताटातला भात चिवडत बसली. मला राग आला. तिचा नाही, त्या बोटवाल्याचा. मी म्हटलं, एक वर्ड नाही तो, माझी आई आहे ती. दोघींच्याही ताटातलं वरण तसंच गार झालं.

मी तुझ्यासारखी नळावर सगळ्यांच्या विरुद्ध बोलणारी नाही. तरी शनिवारी कामावरून घरी आले आणि फोन घेऊन बसले. म्हटलं, आपणही आपलं मत लिहायचं. आमच्या घरी असंच म्हणायचे, असं काहीतरी. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. आपल्याच पोरीची वकिली होते ती. तेवढ्यात खाली एक नवीन मत आलं. जसं होतं तसं सांगते.

"लोक उगाच बोंबलतात. मी अंबरनाथला घरोघरी जाऊन ब्लड सँपल घ्यायचो. एक आजारी मावशी होत्या, त्या मला अंपायरच म्हणायच्या. म्हणायच्या रक्त घे पण बोट वर करू नको. मग मी निघताना दारात उभा राहून दोन्ही हात वर करून सिक्सर द्यायचो. खूप हसायच्या. शेवटचा गेलो तेव्हा झोपल्या होत्या, तरी दिला. डायलॉग बरोबर आहे. काढू नका."

मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मॅच चालू आहे म्हणायचीस, ती ही मॅच. तो मिशीवाला, तोंडातून शब्द न काढणारा माणूस, दारात दोन्ही हात वर करून उभा, आणि तू उशीला टेकून हसतेयस, आणि मी दोन पावलांवर, दाराकडे पाठ करून, त्याच्या चहाची कपबशी विसळत उभी. माझ्यासाठी नव्हतं ते हसू. तुला खरंच हसू येत होतं. एवढी वर्षं मला वाटत होतं की तू मला सांभाळून घेत होतीस, आणि तू तिकडे मजेत होतीस. आई, मी इतकी रडले की लेक आरशासमोरून पळत आली. तिने वाचलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. "आई, खरं सांग, तू लिहिलंयस ना हे?" मी शपथ घेतली तरी तिचा विश्वास बसेना. म्हटलं, अगं मला सिक्सरचं माहीत असतं तर तुला गोष्टीत सांगितलं नसतं का? तेव्हा कुठे तिला पटलं, आणि मग ती रडली.

त्या मताखाली लोकांची रीघ लागली. कुणाची आत्या कंपाउंडरला कमांडर म्हणायची, कुणाचे आजोबा सिझेरियनला सिंगापूर. चिडलेले निम्मे लोक आपापल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगायला लागले. सोमवारी तिच्या सरांनी ते सगळं मालकांना दाखवलं आणि संध्याकाळी फोन केला, राहू दे तुझा अंपायर. पुढच्या सिनेमाचे कागद काल आले. त्यात भूत नाही, विमान आहे. घरी पुरणपोळी केली, बाबांच्या पद्धतीने, म्हणजे वर तूप आणि खाली तूप.

त्या लॅबवाल्यांना मी अजून काही लिहिलेलं नाही. लिहीन. काय लिहायचं ते सुचत नाही. तुझं अंपायरशी काय ते तुझं होतं, मधे कशाला तोंड घालू, असंही वाटतं. तुलाच लिहून झालं, आणि हे कुठल्या पेटीत टाकायचं ते काही मला माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. मी तो सिनेमा रोज बघते, पण पुरा एकदाही बघितलेला नाही. लेकीच्या तोंडून निघून गेलं की शेवटाकडे तो व्हॅम्पायर खानावळीत येतो आणि म्हातारी जाते. म्हणून मी काय करते, ती सूप वाढते, अंपायर म्हणते, शिकारी हसतो, आणि मी बंद करते. बोट वर व्हायच्या आत.