वधूचे नाव

बिबवेवाडी, पुणे
९ जून २०२४

चि. सौ. मुक्ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दिग्विजयच्या फोनवर आलं, त्याने ते कागदावर छापून आणून दिलं. अक्षर सुधारलंय. तू पाली शिकायला पुण्यात होतीस आणि मराठीसाठी माझ्याकडे यायचीस, तेव्हा तुझा 'ळ' कायम दमून बसल्यासारखा दिसायचा. आता उभा राहिलाय. मायना मात्र चुकला. 'तीर्थरूप' स्वतःच्या आईवडिलांना लिहायचं, सासूला 'तीर्थस्वरूप'. मी शाळेतून निवृत्त झाले असले तरी माझं लाल पेन अजून चालतं.

आता गोड बातमीबद्दल. दिग्विजयने ती जिन्यातूनच ओरडून सांगितली. तुझे सासरे दाढी करत होते, ते अर्धी दाढी तशीच ठेवून देवापाशी गेले. माझ्या आग्रहाशिवाय त्यांना तिथे गेलेलं मी चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही.

शिक्षणाचा व्हिसा संपला म्हणून लग्नानंतर तुला माहेरी परतावं लागलं, पण आता तुला लवकर घरी आणायला हवं. दिग्विजयने दोन मार्ग सांगितले. पर्यटक व्हिसा आठवड्याभरात मिळतो, पण तीन महिन्यांनी परत जावं लागतं. पत्नी म्हणून जो व्हिसा मिळतो त्याला लग्नाचा दाखला लागतो, वेळही जास्त जातो, पण मग इथे निश्चिंत राहता येतं. मी माझं मत सांगून टाकलं. या घरची सून या घरात पर्यटक म्हणून येणार नाही. आणि ओली बाळंतीण तारखा मोजत बसणार का?

आणखी एक. पत्राखाली 'माई' अशी सही करू नकोस. तुझं माहेरचं नाव छान आहे, पण आमच्या घरात माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या जाऊन अकरा वर्षं झाली तरी 'माई, कुकर लाव' असं माझ्या तोंडून निघायचं नाही. म्हणून तर लग्नात ताटातल्या तांदळावर दिग्विजयने मुक्ताई लिहिलं.

जपून राहा. उत्तर लवकर पाठव, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून.

तुझी सासू आणि त्याआधीपासूनची बाई,
मंदाकिनी


दा नांग, व्हिएतनाम
२३ जून २०२४

तीर्थस्वरूप आईंना,
मुक्ताईचा सा. न. वि. वि.

मायना आता बरोबर आहे ना?

इथे फार ऊन आहे. मला दिवसभर आंबट खावंसं वाटतं. माझी आई कैरीला मीठ आणि मिरची लावून देते. तुमच्या गच्चीत वाळत घातलेल्या फोडी मी शिकवणीच्या आधी चोरून खात होते. तेव्हा सांगायची हिंमत नव्हती, आता तुम्ही लांब आहात.

व्हिसाचा मी खूप विचार केला. मला पर्यटक व्हिसा बरा वाटतो. शब्द चांगला नाही, हे मला समजतं. पण तो शब्द विमानतळावरचा माणूस वाचतो, नंतर पासपोर्ट कपाटात जातो. मला दिग्विजयजवळ पोचायचं आहे. पुढचं पुढे बघता येईल. तो रोज फोनवर पोट दाखव म्हणतो. मी हसून दाखवते आणि फोन ठेवल्यावर रडते. हे त्याने वाचू नये म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवते आहे.

तरी तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला जास्त समजतं. तुम्ही पत्नीचाच व्हिसा म्हणत असाल तर मी तोच अर्ज भरते आणि थांबते. शब्द देते.

बाबांना नमस्कार. माझ्या चुका लाल पेनाने दाखवा, पण माया कमी करू नका.

तुमची,
मुक्ताई


बिबवेवाडी, पुणे
२२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मुक्ताईस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. तुझा अर्ज परत का आला ते दिग्विजयने तुला सांगितलंच असेल. पण त्याने माझी बाजू झाकून सांगितलं असणार, म्हणून मी उघडं करते.

लग्नाच्या दाखल्यावर 'मुक्ताई दिग्विजय कामठे' आहे. पासपोर्टवर 'त्रान थी माई' आहे. सरकारच्या लेखी माझ्या मुलाचं लग्न मुक्ताई नावाच्या कुणा बाईशी झालंय आणि तू कुणीतरी तिऱ्हाईत. नोंदणीच्या अर्जात 'वधूचे नाव' असा रकाना होता. अर्ज भरणाऱ्या माणसाने विचारलं होतं, पासपोर्टवरचं लिहू का म्हणून. मीच त्याला म्हटलं की आता लग्न झालंय, नवं नाव लिहा. बत्तीस वर्षं दुसरीच्या वर्गाचा हजेरीपट लिहिला, आईबापांनी सांगितलेली नावं माझ्या मताने शुद्ध करून लिहिली. एकाही पोराने तक्रार केली नाही. ती खोड मला इथे नडली.

दिग्विजय माझ्याशी बोलत नाही. डबा न घेता कंपनीत जातो. तो म्हणतो की अजूनही पर्यटक व्हिसा भरू, ती आठवड्यात येईल. मी त्याला पंधरा दिवस थांबायला सांगितलंय. प्रतिज्ञापत्र झालं, पेपरात जाहिरात दिली, दुरुस्त दाखला गणपतीच्या आसपास मिळेल असं कळतंय. एवढं थांबलो, आता थोडक्यासाठी कशाला मागल्या दाराने यायचं? गौरी येतील तेव्हा तूही ये. दोघींना एकदमच ओवाळते.

माझ्यावर रागावली असशील तर इथे येऊन रागाव.

तुझी,
मंदाकिनी


दा नांग
१४ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप आईंना,
सा. न. वि. वि.

गौरी आल्या आणि गेल्या. दिग्विजयने फोटो पाठवले. तुम्ही बारीक झाला आहात.

माझी कंबर फार दुखते. पाय सुजतात. डॉक्टर म्हणाल्या की प्रवास करायचा असेल तर आता उशीर करू नका, नंतर विमानात घेणार नाहीत. दाखला अजून आला नाही, असं दिग्विजय म्हणतो.

मी पर्यटक व्हिसाचा अर्ज दोन वेळा पूर्ण भरला. शेवटचं बटण दाबलं नाही, कारण तुम्हाला शब्द दिला होता.

आई, मला एक सांगा. मी पर्यटक म्हणून आले तर तुम्ही दार उघडाल ना? तुमचं उत्तर येईपर्यंत मी बसून आहे. बाळ आता खूप हलतं. मराठी गाणी लावली की जास्त हलतं.

तुमची,
मुक्ताई


बिबवेवाडी, पुणे
१६ सप्टेंबर २०२४

चि. सौ. मुक्ताईस,
अ. आ.

अगं वेडे, असं विचारतात का? दार उघडंच आहे.

तुझे सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झाले ते तोंडाला कुलूप लावूनच. पण फोनवर आलेलं तुझं पत्र वाचून ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. पोर सहा महिन्यांची गरोदर आहे आणि तू अजून रकाने भरतेयस, असं म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग डोळे पुसून दिग्विजयला सांगितलं की भर तो पर्यटक व्हिसा.

व्हिसा हाती आल्या-आल्या निघ म्हणणार होते, पण तिकडच्या डॉक्टरांनी आधी तुला थोडी विश्रांती घ्यायला सांगितलीय असं दिग्विजय म्हणतो. तो तुला आणायला येईल. रजा १२ ऑक्टोबरनंतरची मिळतेय, तिकीट १४ तारखेचं काढतोय. तुला एकटीने विमानात बसू देणार नाही, हा हट्ट त्याचा आहे आणि या वेळी मी मध्ये बोलले नाही.

आल्यावर लगेच डोहाळजेवण करू. हिरवी साडी आणून ठेवलीय. आळीतल्या बायका येतील, तुझं मराठी ऐकून गार पडतील.

ये लवकर.

तुझी,
मंदाकिनी


बिबवेवाडी, पुणे
२२ ऑक्टोबर २०२४

माई,

आज मायना सुचत नाही.

दोन दिवस ती होती. नऊ तारखेला आली, अकराला गेली. दिग्विजय दहाला दुपारी पोचला, त्याला एक दिवस मिळाला. काचेच्या पेटीत हात घालून त्याने तिचं बोट धरलं होतं, एवढं त्याने मला फोनवर सांगितलं आणि फोन ठेवला.

तू ऑगस्टमध्ये इथे आली असतीस तर ती जगली असती का, हे कुठलाही डॉक्टर सांगणार नाही. पण कळा सुरू झाल्या तेव्हा तुझा नवरा तुझ्याजवळ असता, एवढं नक्की. ते मी होऊ दिलं नाही. जूनमध्येच तू मला सांगितलं होतंस की तुला नुसतं पोचायचंय. मी तुझं पत्र वाचलं, त्यातल्या वेलांट्या तपासल्या आणि माझंच खरं केलं.

मला फार रडू येतंय, माई. तुझे सासरे जेवत नाहीत. त्यांना काय बोलू? साडी कपाटात आहे, ते कपाट मी उघडत नाही.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. तुला वाटेल ते लिही, शिव्या दे. मी काही तपासणार नाही.

मंदाकिनी


दा नांग
३ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप आईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेला दुरुस्त दाखला मिळाला होता. त्यावरून व्हिसाही मिळाला, पत्नीचा. नाव बरोबर आहे. मी तो पुष्कळ वेळा वाचला.

आई, मी येणार नाही.

मला राग नाही असं लिहिणार होते, पण तुम्ही मला खोटं लिहायला शिकवलं नाही. राग आहे. तुमच्यावर आहे आणि माझ्यावर जास्त आहे. मी शब्द दिला आणि पाळला. पाळायला नको होता. त्या घरात मी आले तर प्रत्येक दारात मला तो महिना दिसेल, जेव्हा मी येऊ शकत होते.

ती शहराबाहेर टेकडीवर आहे. खाली समुद्र दिसतो. दर रविवारी मी आणि दिग्विजय जातो, गवत काढतो, थोडा वेळ बसतो. तिला इथे ठेवून मला तिकडे राहता येणार नाही. दिग्विजयने कंपनीचा राजीनामा पाठवला. तुम्हाला सांगायला तो घाबरतो, म्हणून मी सांगते. इथे त्याला काम मिळेल असं वाटतं. माझा नवरा म्हणून त्याला इथे राहायची परवानगी मिळते, कागद सुरू केले आहेत. तुमचा मुलगा मी घेते आहे, हे मला कळतं.

आमच्यात माणूस गेल्यावर शंभराव्या दिवशी घरचे लोक जमतात. तो दिवस १८ जानेवारीला आहे. तुम्ही आणि बाबा याल का? भारतातून येणाऱ्यांना पर्यटक व्हिसा थोड्या दिवसांत मिळतो.

तिच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या दाखल्यावर एकच नाव आहे. आम्ही दोघांनी ठेवलं.

तब्येत सांभाळा. राग आहे तरी आठवण येते.

तुमची,
माई


बिबवेवाडी, पुणे
२१ डिसेंबर २०२४

प्रिय माई,
आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी आलं. संध्याकाळी यांना वाचून दाखवलं. ते ऐकून घेऊन म्हणाले की पोरीचं बरोबर आहे, आणि गच्चीत जाऊन उभे राहिले. मलाही ते बरोबर वाटतं. पण पोटचा पोरगा जातो तेव्हा बरोबर-चूक कळून दुखायचं थांबत नाही. त्याच्या खोलीत गेले, त्याचे शर्ट घड्या घातलेलेच होते, ते परत घातले. त्याला सांग, मी रागावलेली नाही. घाबरू नकोस म्हणावं. आईला घाबरणारा मुलगा मी कधी केला, हेच मला कळलं नाही.

आम्ही येतोय. १५ जानेवारीचं विमान आहे. व्हिसाचा अर्ज मी स्वतः भरला, दुसऱ्या कुणाला भरू दिला नाही. येण्याचं कारण निवडायचं होतं. नातीला भेटायला, असं काही त्यात नव्हतं. पर्यटन निवडलं. सुनेच्या घरी मी पर्यटक म्हणून येतेय, माई, आणि दारात घ्यायला कुणी आलं तर मला पुष्कळ आहे. नाव पासपोर्टवरून अक्षर अन् अक्षर उतरवलं, मग यांच्याकडून ताडून घेतलं.

तुझा राग जाईल अशी आशा धरून मी निघत नाही. तो तुझा आहे, तुला हवा तितके दिवस ठेव. मला त्याच्याशेजारी बसता आलं तरी चालेल.

एक मागणं आहे. तुम्ही तिचं काय नाव ठेवलंत ते मी दिग्विजयला विचारलेलं नाही आणि तूही पत्रात लिहू नकोस. लिहिलंस तर मी ते माझ्या सवयीने वाचेन. तुमच्या भाषेत आवाज जरा वर-खाली झाला की शब्द बदलतो, असं तूच मला एकदा सांगितलं होतंस आणि तेव्हा मी हसले होते. मी आले की समोर बसून ते मला तोंडाने सांग. चुकलं तर पुन्हा म्हणायला लाव, दहादा लाव. मी म्हातारी आहे, कान जड झालेत, कदाचित दिवस जाईल.

मला तिचं नाव बरोबर घेता येईपर्यंत टेकडीवर नेऊ नकोस.

लोभ मागायचा हक्क मी घालवलाय, तरी मागते.

तुझी,
मंदाकिनी