ताईची मान हलली

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॉन्व्हेंटची शाळा सुटल्यावर संगीताच्या वर्गात पियानोच्या झाकणावर डबा उघडून आपण दोघी बसायचो, आठवतं? पाव खाऊन तू तशीच फ्लूट तोंडाला लावायचीस आणि सिस्टर म्हणायच्या, आधी चूळ भर, वाद्य म्हणजे खरकटं ताट नव्हे. काल पियानो पुसताना ते आठवलं आणि एकटीच हसले.

मग तुझं पत्र आलं आणि हसू पळालं. बाथरूममध्ये पाय घसरला, पुढचे दोन दात गेले, नवे बसवले, इथवर समजलं. पण नव्या दातांनी सूर लागत नाही म्हणून मार्चमधल्या कार्यक्रमाला दुसरी कुणी शोध, हे काय लिहितेस? वाचनालयाचा वरचा हॉल ठरला, पियानो लावून झाला, लोकांना कळवून झालं. दुसऱ्या कुणाबरोबर मी वाजवणार नाही, तू आलीच पाहिजेस.

रागावले आहे, पण माया होती तेवढीच आहे.

तुझी
ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलीस ते वाचून बरं वाटलं. गोड बोलली असतीस तर घाबरले असते. पण ताई, फुंकलं की सुराआधी नुसती हवा येते. ओठाला नव्या दातांची ओळखच पटत नाही. परवा शेजारीण दार वाजवून विचारून गेली, गॅस तर गळत नाही ना! दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, ओठ हळूहळू शिकेल, धीर धरा. त्यांना काय जातंय सांगायला!

जलद भाग निभावून नेईन. धास्ती आहे ती मधल्या संथ भागाची. तिथले सूर लांब आणि नाजूक. एखादा फुसका निघाला तर झाकायला जागा नाही. येते मी, पण एका अटीवर. तिथे तू जोरात वाजवायचंस, मी तुझ्या आडोशाला राहीन. आणि तरीही नाहीच जमलं, तर हे शेवटचं. फ्लूट माझ्या विद्यार्थिनीला देऊन टाकीन, मग समजूत घालायला येऊ नकोस.

भावोजींना नमस्कार. तुझा राग आणि लोभ, दोन्ही असेच असू देत.

तुझी
धाकटी


दि. १९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अट कबूल. संथ भागात असा दणका देते की तू फुंकतेस की नुसती उभी आहेस, कुणाला कळायचं नाही.

यंदा पानं उलटायला तुझे भावोजी. नेहमीची मुलगी परीक्षेला बसली आहे. यांना नोटेशनमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून असं ठरलं की मी मान हलवली की यांनी पान उलटायचं. रोज चहाच्या टेबलावर वर्तमानपत्र उभं धरून सराव चालतो. मी नुसता घोट गिळला तरी पान उलटलंच! उभ्या संसारात माझ्या मानेकडे कधी बघितलं नाही, आता डोळा हलवत नाहीत. वर बजावतात की चूक झाली तर ती तुम्हा बहिणींची, माझी नव्हे.

हॉल गार असतो, स्वेटर आण. तालमीसाठी आधी येऊन राहा. वाट बघणारी,

तुझी
ताई


दि. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीत वेड्यासारखी हसत होते. समोरच्या बाईंनी जागा बदलली.

दणका देणार होतीस ना गं? संथ भाग आला आणि तू चक्क हळुवार वाजवायला लागलीस. मनात म्हटलं, फसवलं हिने. तेवढ्यात माझा तो लांब सूर लागला आणि तुझी मान हलली. तो इशारा नव्हताच, तू नुसती दाद देत होतीस! पण भावोजींनी इमानेइतबारे पान उलटलं. मागे घ्या म्हणून तू हात केलास, तर त्यांनी आणखी एक उलटलं. पियानो बंद.

मी एकटी उभी. आडोसा गेला. थांबावं असं वाटलं, पण श्वास घेऊन झाला होता, तो सोडायला तर हवाच. सोडला, आणि हवा नाही, ताई, सूर आला. पुढचाही आला. ओठाला कुठे बसायचं ते आपोआप कळलं. तू हात मांडीवर ठेवून ऐकत बसलीस. पान कधी सापडलं आणि तू कधी हळूच आत आलीस, मला कळलंसुद्धा नाही.

नंतर तिसऱ्या रांगेतले गृहस्थ मला म्हणाले, पियानो गप्प होतो ती जागा फारच सुंदर लिहिली आहे. मी हो म्हटलं. भावोजींना हे जरूर सांग. चहाच्या वेळी बिचारे कोपऱ्यात तोंड लपवून उभे होते.

तुमच्या दोघांच्या मायेवर माझा हक्क आहे, तो सोडणार नाही.

तुझी
धाकटी

ता. क. पार्सल पाठवते आहे. निळा मफलर भावोजींना. बिस्किटांचा डबा पियानो लावणाऱ्या आजोबांना, तू मध्ये उघडू नकोस. रंगपेटी तुझ्या नातीला. आपल्या नव्या रचनेचं जाड पुस्तक, पियानोचं, तुला, जूनपर्यंत बसव. त्यातली फ्लूटची पानं शोधू नकोस, ती काढून घेतली आहेत. ती कुणालाच द्यायची नाहीत, माझी आहेत.