चिंधी बांधलेली फांदी

मंगळवार, १४ तारीख

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, पायाचा व्यायाम कंटाळत का होईना करत असशील, आणि वहिनी तुझ्यावर डोळा ठेवून असेल. आम्ही इथे मजेत. म्हणजे असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

इकडची बातमी म्हणशील तर शेडवरचा पत्रा एकदाचा बदलला, आता वाळत ठेवलेली लाकडं भिजत नाहीत. आमच्या ह्यांना रिटायर झाल्यापासून मदतीची हुक्की आली आहे. परवा कानस घेऊन बसले आणि काठीची बदकाच्या आकाराची एक सुरेख मूठ घासता घासता चोचच उडवली. वर मलाच म्हणतात, "कासव म्हण की!" मी गिऱ्हाइकाला कासव म्हणूनच दिली. त्याला आवडलीही, म्हणाला, चेहरा अगदी हुबेहूब आहे. ओढ्यातून वाहून आलेलं एक मोठं मूळही मिळालंय. उलटं ठेवलं की आपोआप स्टूल होतं, मी फक्त वरून सपाट करणार आहे.

बघ, अर्धं पान भरलं आणि मी अजून बदकं नि कासवंच हाकतेय. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड काही जात नाही.

दादा, ती काठी तुझी होती.

हे तुला सांगायला नकोच. वाचनालयाच्या हॉलमध्ये तू ती उचललीस, पिळावरून अंगठा फिरवलास, तेव्हाच तुला कळलं. पण मी माझ्या तोंडानं सांगितलेलं नाही, म्हणून लिहितेय. ओढ्यापलीकडच्या त्या झाडावर वेलानं कोवळ्या फांदीला विळखा घातला होता, ती फांदी तूच पहिल्यांदा पाहिलीस. तुझ्या चौकटीच्या शर्टाची चिंधी बांधून ठेवलीस आणि फांदी मनगटाएवढी होईपर्यंत वर्षानुवर्षं थांबलास. बाबांनी आपल्याला बाकी शंभर गोष्टी शिकवल्या असतील, पण दम देऊन सांगितलेली ही एकच. चिंधी बांधलेली फांदी म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास. पडलेलं लाकूड खुशाल उचला, चिंधीला हात लावायचा नाही. ओढ्याकाठी लाकडं शोधणारे सगळे हे पाळतात. तो दारुडा मोळीवालासुद्धा पाळतो!

मी पाळलं नाही.

झालं असं की, वाचनालयाच्या बाईंनी प्रदर्शनात दारासमोरचंच टेबल मला दिलं आणि म्हणाल्या, "इथे तुमची सगळ्यात देखणी काठी ठेवा हं, लोक आत शिरले की तीच दिसली पाहिजे." माझ्याकडे बऱ्या काठ्या होत्या. देखणी एकही नव्हती. मी रानात गेले ते पडलेलं काही मिळतं का बघायला, हे अगदी खरं. आणि येताना तुझी फांदी घेऊन आले, हेही खरं.

पुढचं तर तुझ्यासमोर बोलायचीही लाज वाटते. ओलं लाकूड निदान वर्षभर सावलीत पडू द्यावं लागतं हे काय मला ठाऊक नाही? पण प्रदर्शन तोंडावर आलेलं. मी ती स्वयंपाकघरात शेगडीच्या वर टांगली. शेकून शेकून वाळवली, घासली, वरून तेलाचे हात चढवले. चकाकायला लागली. बायका "अय्या, हा पीळ आपोआप पडतो?" म्हणून हात लावून बघत होत्या आणि मी मान वेळावून सांगत होते, "हो ना, सापडली मला."

तेवढ्यात तू आलास.

हातात हॉस्पिटलची ती ॲल्युमिनियमची काठी. तू माझी, म्हणजे तुझी, काठी बघितलीस आणि एवढंच म्हणालास, "ओली आहे गं अजून." कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मग ती होती तशी नीट टेबलावर ठेवलीस, चहा घेतलास आणि वहिनीबरोबर निघून गेलास. चार शिव्या घातल्या असत्यास तर मी उलटून भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते.

ती तडकली, दादा. मुठीपासून पिळाच्या कडेकडेनं खालपर्यंत तडा गेलाय. गुपचूप तुझ्या दाराशी आणून ठेवावी असा माझा बेत होता. आता तीही सोय राहिली नाही, तू भार टाकलास तर ती तुला घेऊन पडेल. वाचनालयाच्या बाईंना मी जाऊन सगळं सांगितलं. त्या हसल्या. "अहो, भावाचीच ना? घरातल्या घरात कसली चोरी!" म्हणाल्या. त्यांनी इतकं सहज सोडून दिल्यावर मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल वहिनीचा फोन आला होता. ती आपली साधेपणानं कुरकुरत होती, "घरात काठ्यांची मोळी उभी आहे आणि हे ती डबड्याची काठी टेकत फिरतात. आधी म्हणायचे, माझी तयार होतेय, थांब. आता तेही म्हणत नाहीत. तू तरी समजाव ना!" म्हणजे तू तिला काहीच सांगितलेलं नाहीस. मी 'हो हो, बोलते' म्हणाले. फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

इतकं लिहिलं, पण खरं ते अजून लिहिलेलंच नाही. फांदी कापली ही त्यातली सोपी गोष्ट.

त्या दिवशी मी झाडाखाली उभी राहिले तेव्हा चिंधी दिसली नाही असं नाही. दिसली. शर्ट ओळखला, गाठसुद्धा ओळखली. तू तेव्हा हॉस्पिटलमध्ये होतास आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार आशा धरू नका, पुन्हा उभे राहतील असं वाटत नाही. वर बघत मी मनात म्हटलं, दादा आता कशाला येतोय इथवर. रागानं नाही म्हटलं. भाजी निवडताना एखादं पान बाजूला टाकावं, तितक्या सहज म्हटलं. तू जिवंत होतास, माझ्या हातचा डबा खात होतास, आणि मी तुला वजा करून मोकळी झाले होते.

आणि मग तू हॉलच्या दारात उभा. स्वतःच्या पायांवर. घामाघूम, पण हसत. सगळ्यांसमोर मी ओरडायला हवं होतं, माझा दादा चालत आला! दादा, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हा कसा काय आला? आता पकडली जाणार मी. आनंद झाला रे मला, खूप झाला. पण नंतर झाला.

माफ कर असं लिहायचं धाडस नाही. रविवारी सकाळी येते. वहिनीला तू काही सांगू नकोस, ते माझं काम आहे, तुझ्यादेखत सांगेन. मला बघून तुझ्या मनात पहिल्यांदा जे येईल ते तोंडावर बोल. नंतरचं नको.

अजून म्हणत असशील तर,
तुझी बहीण