लुगड्याचा काठ

डिंडोली, सुरत
१२ जानेवारी १९९७

चि. सुमन हिस नानांचे अनेक आशीर्वाद.

पाटीवर पेन्सिल कुरकुरायची, तो आवाज! गुरुजी कविता सांगत आणि आम्ही पोरं उतरवून घेत असू. आज पहाटे तोच आवाज ऐकू आला आणि मी अंथरुणातच मांडी घालून बसलो, कवितेची चालसुद्धा ओठांवर आली. मग पाहिलं, तर आपला ढब्बू तुझ्या मायची लाकडी फणी कुरतडत होता.

माय गेल्यापासून या कुत्र्याचं हेच चाललं आहे. तेराव्याला आपण तिच्या वस्तू वाटून टाकल्या. चुकून राहिलेल्या तो हुडकून काढतो. आधी चपला, मग चष्म्याचं घर, आता फणी. माझे जोडे दिवसभर दारात पडलेले असतात, त्यांना तोंड लावत नाही. शेजारच्या उषाबाई चिडवतात, की काका, तुम्ही कुत्र्यालासुद्धा गोड लागत नाही. मी हात उगारला, तर त्याने फणीचा तुकडा माझ्या पायाशी आणून ठेवला. जणू तुझ्या मायला मीच कुठे लपवलं आहे.

आता पेटीत तिचं हिरवं लुगडं तेवढं उरलं. जावईबापूंना आशीर्वाद, व्याह्यांना नमस्कार. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे नाना


अमळनेर
१९ जानेवारी १९९७

ती. नाना यांस सुमनचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून मी चुलीपाशी रडले. नाना, तुम्हाला कविता आठवतात, मला राग येतो. ती फणी मला हवी होती. माझ्या बाळंतपणात माय त्याच फणीने माझी वेणी घालायची. त्या कुत्र्याने सगळं चावून टाकलं तर माझ्या वाट्याला तिचं काय राहील? लुगडं तरी कुलपात ठेवा.

आणि एकटे राहू नका, इकडे या. मामंजींना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले की व्याह्यांना डोक्यावर घेऊ, पण कुत्रं या उंबऱ्याच्या आत नको. त्यांचा हट्ट तुम्ही जाणताच. बारडोलीच्या वाल्मिकदादाला मी निरोप धाडला आहे. तो साखर कारखान्यावर आहे, मोकळं रान आहे, ढब्बूला तो सांभाळेल. नाही म्हणू नका. बोलणं लागलं असेल तर पोटात घाला आणि लेकीवर राग धरू नका.

तुमची सुमन


डिंडोली, सुरत
२ फेब्रुवारी १९९७

चि. सुमन हिस आशीर्वाद.

तुझ्या मनासारखं केलं. गुरुवारी वाल्मिक टेम्पो घेऊन आला. ढब्बू काही केल्या चढेना, साखळी पाहून अंग चोरायला लागला. मग मी पेटी उघडली, हिरव्या लुगड्याचा एक काठ फाडला आणि त्याची दोरी करून त्याच्या गळ्यात बांधली. रागावू नकोस. वाटलं, तिचा वास सोबत असला की परक्या गावी त्याला करमेल. त्याने काठ हुंगला आणि मुकाट टेम्पोत जाऊन बसला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

काल उषाबाईंकडे वाल्मिकचा फोन आला. ढब्बूने दोरी चावून तोडली आणि तो उसात शिरला. माणसांनी फड पालथा घातला, पण सापडला नाही. वाल्मिक विचारत होता, की काका, साखळी का नाही दिली? काय सांगू त्याला! तो फक्त तिच्याच वस्तू चावतो, हे मला ठाऊक होतं. आणि मीच त्याला तिच्या लुगड्याने बांधलं.

उरलेलं लुगडं तुझं. घडी घालून ठेवलं आहे. दार मात्र मी लावत नाही. बारडोलीहून चालत यायला कुत्र्याला किती दिवस लागतात, कोणास ठाऊक.

एवढं लिहिलं आणि दारात खुडबूड झाली. मी काठी न घेताच धावलो. पाहतो तर तुझे मामंजी! एकटे, भुसावळच्या पॅसेंजरने आलेले, धुळीने माखलेले. म्हणाले की सूनबाई रोज ते पत्र काढून रडते, आम्हाला घास उतरत नाही. चला व्याही, तुम्ही दोघंही चला.

त्यांना पाणी देऊन या चार ओळी लिहितो आहे. बाहेर ओट्यावर पिशवीतून नवा चामडी पट्टा काढून बसले आहेत, आणि माप बघायला ढब्बूला हाका मारताहेत.